चहाचे आठ कप आणि भुकेची रेषा

१/ देशात किती माणसे अर्धपोटी राहतात, हा प्रश्न ऐकताना वाटते की त्याचे उत्तर मोजणीत आहे. प्रत्यक्षात ते मोजणीआधी आखलेल्या एका रेषेत असते. ही रेषा कुठे आखायची, यावर पुण्यातील दोन विद्वान १९८० च्या दशकारंभी एकमेकांसमोर उभे ठाकले. त्या वादातील एका आकड्याचे मूळ इंग्लंडमधील एका शेतकी संशोधन केंद्रात आहे. संख्याशास्त्रातील परिकल्पना परीक्षण कसे जन्मले, त्याने काय दिले आणि ते कुठे थांबते, याचा हा इतिहास.

२/ १९२० च्या दशकाची सुरुवात. स्थळ, हार्पेंडन येथील रॉथमस्टेड शेतकी संशोधन केंद्र. १९१९ साली तिथे रोनाल्ड फिशर हा तरुण गणितज्ञ रुजू झाला होता. खतांच्या प्रयोगांचे अनेक दशकांचे आकडे तिथे साचलेले होते आणि त्यांतून अर्थ काढणे हे त्याचे काम होते. एके दिवशी चहाच्या वेळी त्याने म्यूरिएल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ सहकारी स्त्रीपुढे कप धरला. तिने तो नाकारला. तिचे म्हणणे असे की कपात आधी दूध घातलेले आहे की आधी चहा, हे चवीवरून कळते, आणि तिला आधी दूध घातलेलाच चहा आवडतो.

३/ दाव्याची थट्टा करणे सोपे होते, मान्य करणेही सोपे होते. तिथेच असलेल्या विल्यम रोच याने परीक्षा घेण्याचे सुचवले. फिशरने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या ग्रंथाच्या दुसऱ्याच प्रकरणात या प्रसंगावर आधारलेला प्रयोग मांडला. त्यात त्या स्त्रीचे नाव नाही आणि निकालही नाही. आहे ती फक्त रचना, आणि पुढच्या शतकाला पुरून उरली ती तीच.

४/ रचना अशी. आठ कप, चारांत आधी दूध, चारांत आधी चहा. क्रम चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ यदृच्छेने ठरलेला. स्त्रीला इतकेच ठाऊक की दोन्ही प्रकारचे चार-चार आहेत. आता क्षणभर समजा की तिला काहीही ओळखता येत नाही. ही झाली ‘शून्य परिकल्पना’. आठांतून चार निवडण्याचे एकूण ७० प्रकार आहेत; पूर्ण बरोबर त्यांपैकी एकच. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळे कप बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १, सुमारे १.४ टक्के.

५/ तिने प्रत्येक गटातला एक कप चुकवला, तर? तीन बरोबर आणि एक चूक असे येण्याचे १६ प्रकार आहेत. त्यात संपूर्ण बरोबरचा एक मिळवला की ७० पैकी १७, म्हणजे जवळपास २४ टक्के. चार अंदाजपंचे खेळाडूंपैकी एखादा इतके यश सहज मिळवील. म्हणून फिशरच्या मते असा निकाल दावा मानायला पुरेसा नव्हता. प्रयोगाआधीच निकष स्पष्ट होता: आठही बरोबर, नाहीतर दावा सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही.

६/ इथे परीक्षणाचे खरे बळ दिसते. माणसाचे मन योगायोगात अर्थ शोधण्यात पटाईत असते. एका शेतात नवे खत टाकले, पीक चांगले आले, की श्रेय खताला जाते. पण त्या तुकड्याची माती मुळातच कसदार असेल तर? फिशरचे उत्तर दुहेरी होते. कोणत्या तुकड्याला खत मिळेल हे यदृच्छेने ठरवा, म्हणजे मातीचा पक्षपात मोडतो. आणि खताने काहीच होत नसते तरी इतका फरक किती वेळा दिसला असता, ते गणिताने काढा.

७/ या विचाराला पूर्वपीठिका होती. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत १८९९ पासून काम करणाऱ्या विल्यम गॉसेट याच्यापुढे रोकडा प्रश्न होता: मोजक्याच नमुन्यांवरून बार्लीचा दर्जा कसा ठरवावा? हजारो निरीक्षणांसाठी रचलेली सूत्रे चार-पाच नमुन्यांवर लटपटत. त्याने १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने तोडगा प्रसिद्ध केला. आजही महाविद्यालयांत शिकवली जाणारी ‘टी-चाचणी’ ती हीच. या शास्त्राच्या मुळाशी शेत, खत, बार्ली आणि चहा आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

८/ आता तो प्रसिद्ध आकडा. १९२५ साली फिशरचा ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर रिसर्च वर्कर्स’ हा ग्रंथ आला. सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या सुमारे दुप्पट अंतरापलीकडे (नेमके १.९६ पट) निरीक्षण केवळ योगायोगाने जाण्याची शक्यता २० मध्ये १, म्हणजे ५ टक्के असते. ही मर्यादा सोयीची आहे, असे फिशरने म्हटले. सोयीची, एवढेच. तिच्यामागे निसर्गाचा कोणताही नियम नव्हता. पण संशोधकांना तयार सीमारेषा हवी होती, आणि ती मिळाली.

९/ महाराष्ट्रातील वाचकाला या सीमारेषेचा अर्थ सांगायला ‘पैसेवारी’ पुरेशी आहे. गावाच्या पिकाची पैसेवारी पन्नास पैशांखाली गेली की टंचाईच्या सवलतींचे दार उघडायचे, वर राहिली की बंद. ४९ पैशांचे गाव आणि ५१ पैशांचे गाव यांच्या शेतांत फरक तो किती? तरीही एका गावाला सवलत आणि दुसऱ्याला नाही. संशोधनातही ४.९ टक्क्यांचा निष्कर्ष ‘सार्थक’ ठरून छापला गेला आणि ५.१ टक्क्यांचा कपाटात गेला. निर्णयाला रेषा लागते हे खरे. पण रेषेच्या दोन बाजूंना दोन निरनिराळी सत्ये नसतात.

१०/ खुद्द फिशरला ही यांत्रिकता रुचणारी नव्हती. १९५६ सालच्या ग्रंथात त्याने बजावले की कोणताही खरा संशोधक वर्षानुवर्षे, सर्व परिस्थितींत, एकच ठरीव पातळी धरून परिकल्पना नाकारीत नाही. प्रत्येक प्रश्नाचा विचार त्याच्या पुराव्यासह आणि पूर्वज्ञानासह करावा लागतो. त्याच्या दृष्टीने लहान ‘पी-मूल्य’ ही इशाऱ्याची घंटा होती: इथे काहीतरी आहे, पुन्हा प्रयोग करा. वारंवार केलेला प्रयोग वारंवार तसाच निकाल देईल, तेव्हाच शोध लागला म्हणायचे.

११/ पी-मूल्याचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे, कारण सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. ७० मध्ये १ याचा अर्थ ‘त्या स्त्रीचा दावा खोटा असण्याची शक्यता ७० मध्ये १’ असा नाही. अर्थ इतकाच की तिला काही ओळखता येत नसते, तर असा निकाल ७० वेळांत एकदा आला असता. दावा मुळात किती संभवनीय होता, हे गणित सांगत नाही. चहाची चव ओळखणारीने आठ कप ओळखले तर विश्वास बसतो. नाणे पडण्याआधीच छापा की काटा हे सांगण्याचा दावा करणाऱ्याला तेवढेच यश मिळाले, तर आपण आधी नाणे तपासतो. दोघांचे पी-मूल्य सारखे असू शकते.

१२/ फिशरच्या मांडणीत एक पोकळी होती. तो एकाच परिकल्पनेकडे पाहत होता. ती नाकारली नाही तर काय मानायचे? पोलंडचा येर्झी नेमन आणि लंडनचा एगॉन पिअर्सन यांनी १९३३ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात वेगळी चौकट मांडली. त्यांनी न्यायासनाची उपमा दिली. चुका दोन प्रकारच्या: निरपराध माणसाला शिक्षा, आणि अपराध्याची सुटका. एक कमी करू गेले की, पुरावा तेवढाच असेल तर, दुसरी वाढते.

१३/ या दोन चुकांचा तोल कसा राखायचा? नेमन आणि पिअर्सन यांच्या उत्तराचा आशय असा: ते गणित ठरवीत नाही, ते परिणामांवरून माणसाने ठरवायचे. गणिताचे काम त्यानंतर सुरू होते. पहिल्या चुकीची मर्यादा तुम्ही ठरवा, दुसरी चूक शक्य तितकी लहान करणारी चाचणी आम्ही देऊ. संपूर्ण इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक क्षण म्हणावा लागेल. संख्याशास्त्राने इथे स्वतःच आपली हद्द आखली: कोणती चूक अधिक महाग, हा प्रश्न माझा नव्हे.

१४/ १९३३ सालीच कार्ल पिअर्सन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून निवृत्त झाला आणि त्याच्या विभागाची वाटणी झाली. सुप्रजननशास्त्राचे अध्यासन फिशरकडे गेले, संख्याशास्त्र विभाग कार्लचा मुलगा एगॉन याच्याकडे आला. १९३४ मध्ये नेमनही तिथे दाखल झाला. एकाच इमारतीत दोन छावण्या. १९३५ पासून फिशर आणि नेमन यांच्यात उघड वितुष्ट आले, ते शेवटपर्यंत मिटले नाही. सांगतात की दुपारचा चहाही वेगळा होता: पिअर्सनची मंडळी चार वाजता भारतीय चहा घेऊन निघून गेली की साडेचारला फिशरची मंडळी चिनी चहासाठी येत.

१५/ याच काळात त्या इमारतीत सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेला, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून आलेला एक विद्यार्थी शिकत होता: पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९३६ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. दोन्ही छावण्यांचे गणित त्यांच्या कानांवरून गेले. १९३८ साली ‘सांख्य’ या भारतीय नियतकालिकात त्यांनी फिशर-बेहरेन्स चाचणीसाठी कोष्टके प्रसिद्ध केली. नेमनच्या पक्षाला ही चाचणी मान्य नव्हती; तिचे आकडे सिद्ध केले ते त्याच इमारतीत शिकलेल्या मराठी तरुणाने.

१६/ भारतात परतल्यावर १९४० पासून सुखात्मे केंद्रीय कृषी संशोधन परिषदेचे संख्याशास्त्रीय काम पाहू लागले. त्या काळी पिकाचा सरकारी अंदाज म्हणजे आणेवारी: महसुली कर्मचाऱ्याने शेताकडे पाहून ‘बारा आणे पीक’, ‘आठ आणे पीक’ असे ठरवायचे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर देशात नेमके किती धान्य पिकते, हा प्रश्न जीवनमरणाचा झाला होता. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी यदृच्छेने शेते निवडून, त्यांतील ठरावीक तुकडा प्रत्यक्ष कापून, मळून, तोलण्याची पद्धत रुजवली.

१७/ इथे परीक्षणाची दुसरी मर्यादा उघडी पडली. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकडे कापण्याच्या बाजूचे होते. तुकडा लहान, म्हणून त्याच खर्चात अधिक ठिकाणी कापणी. सुखात्मे यांनी दाखवले की फार लहान तुकड्यांतून पिकाचा अंदाज फुगून येतो. कारण साधे आहे. कापणाऱ्याचा हात सीमेवरचे रोप आत घेण्याकडे झुकतो, आणि तुकडा जितका लहान तितका सीमेचा वाटा मोठा. १९४६ साली याविषयीचे त्यांचे टिपण ‘नेचर’मध्ये आले. तुकड्याच्या आकारावरून दोन्ही पक्षांत बराच काळ खडाजंगी चालली.

१८/ या वादातला धडा पिकापुरता नाही. नमुन्यांची संख्या वाढवली की योगायोगाची चूक घटते. सदोष पद्धतीची चूक घटत नाही. सीमेवरचे रोप दहा शेतांत आत आले काय आणि दहा हजार शेतांत आले काय, अंदाज तितकाच फुगलेला राहतो. उलट नमुना मोठा म्हणून चुकीच्या आकड्यावरचा विश्वास मात्र वाढतो. सार्थकतेची चाचणी योगायोगाचा पहारेकरी आहे. पक्षपात तिच्या समोरून ताठ मानेने आत जातो.

१९/ १९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि दोन दशके तिच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिले. त्या सुमारास जगातील दोन तृतीयांश माणसे कुपोषित वा भुकेली आहेत, असे विधान प्रचलित होते. १९६१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे सुखात्मे यांनी वेगळा हिशेब मांडला: प्रत्यक्ष अपुरे अन्न मिळणारे १० ते १५ टक्के असावेत, अन्नाचा दर्जा निकृष्ट असणाऱ्यांसह हे प्रमाण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत जाते.

२०/ त्यांचा मुद्दा असा. माणसाची उष्मांकांची गरज सारखी नसते. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी म्हणायचा, तर ज्याची गरजच कमी आहे असा धडधाकट माणूसही उपाशांत मोजला जाईल. म्हणून रेषा सरासरीवर न ठेवता खाली आणावी: सरासरी गरजेतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून. इतकी कमी गरज असणारी माणसे शंभरात दोन-तीनच; त्यामुळे या रेषेखालचा माणूस जवळजवळ निश्चितच भुकेला. रॉथमस्टेडची ती सोयीची ‘दुप्पट’ आता भुकेच्या व्याख्येत येऊन बसली.

२१/ १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई रोज २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ही त्यांची कसोटी. तिच्यानुसार १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक या पातळीखाली होते. रोमहून पुण्यास परतलेल्या सुखात्मे यांच्या मते अशी कसोटी भुकेचे प्रमाण फुगवते. खालची रेषा धरली तर संख्या बरीच उतरत होती.

२२/ दांडेकरांनी १९८१-८२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या पद्धतीवर कडक टीका केली. नेमन-पिअर्सनची चौकट लावली की वादाचा गाभा स्पष्ट होतो. सुखात्म्यांच्या रेषेत धडधाकट माणसाला उपाशी म्हणण्याची चूक जवळजवळ नाहीशी होते. पण ज्याची गरज सरासरीहून अधिक आहे, असा अंगमेहनत करणारा मजूर सरासरीइतके खाऊनही अर्धपोटी राहतो. तो या रेषेच्या वर असतो, म्हणून मोजलाच जात नाही. पहिली चूक आवळली, दुसरी सैल झाली.

२३/ सुखात्मे यांची बाजू निव्वळ गणिती नव्हती. त्यांचे प्रतिपादन असे की एकाच माणसाची गरजही दिवसागणिक आणि आठवड्यागणिक बदलते आणि शरीर ठरावीक मर्यादेत स्वतःचा तोल साधते. कुपोषणाचे मूळ केवळ अन्नात नाही, अशुद्ध पाण्यात आणि अस्वच्छतेतही आहे, हे ते आग्रहाने सांगत. तो आग्रह आजही खोटा ठरलेला नाही. उलट पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांच्यासारख्या टीकाकारांचा प्रश्न होता: शरीराने कमी अन्नाशी जुळवून घेतले, ते कशाच्या मोलाने? मंदावलेल्या श्रमांच्या? खुंटलेल्या वाढीच्या?

२४/ दोघेही पुण्याचे, दोघेही आकड्यांचे पक्के, दोघांनाही गरिबाची कणव. तरी उत्तरे वेगळी, कारण दोघांना भीती वेगवेगळ्या चुकीची होती. फुगलेल्या आकड्याने धोरण भलतीकडे जाते आणि खरा भुकेला गर्दीत हरवतो, ही एक भीती. उतरलेल्या आकड्याने राज्यकर्त्यांना स्वस्थ झोप लागते, ही दुसरी. यांतील कोणती मोठी, हे कोणत्याही कोष्टकात लिहिलेले नाही. मात्र भुकेच्या वितरणावर एक सीमा आखून उपासमारीचे प्रमाण काढण्याची जागतिक पद्धत, पुढे पुष्कळ बदलली तरी, त्याच १९६१ च्या चौकटीतून वाढलेली आहे.

२५/ मग परिकल्पना परीक्षणाचा उपयोग नेमका कुठे? जिथे प्रश्न धारदार असतो आणि नियम आधी ठरतात तिथे. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची अशीच परीक्षा घेतली. तिचा वृत्तांत २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका; स्वेच्छेने पुढे आलेल्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका. कोणती कोणाची, एवढेच ओळखायचे. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. नाणे उडवले असते तर ५० च्या आसपास आले असते.

२६/ चहाच्या कपांचीच ही पत्रिकांतली आवृत्ती: दाव्याचा आदर राखून त्याला न्याय्य संधी देणारी. पण इथेही आंधळेपणाने गणित चालवले तर गंमत होते. २७ गुणिले ४० म्हणजे १०८० अंदाज. त्यांत ४६ टक्के यश हे ५० टक्क्यांपासून प्रमाण विचलनाच्या अडीच पटींहून अधिक खाली येते. म्हणजे ‘ज्योतिषी नाण्याहूनही सार्थकपणे वाईट’ असा निष्कर्ष! तो टिकत नाही, कारण त्याच २०० पत्रिका अनेकांकडे गेल्या होत्या आणि नियमही बहुतेकांचे समान. हे १०८० अंदाज परस्परांपासून स्वतंत्र नव्हते. सूत्र कुठे लागू होते हे सूत्राला कळत नाही, ते वापरणाऱ्याला कळावे लागते.

२७/ हे भान सुटले की काय होते, ते २०१५ मध्ये दिसले. मानसशास्त्रातील प्रसिद्ध झालेल्या १०० अभ्यासांचे प्रयोग अनेक देशांतील संशोधकांनी मिळून पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष ‘सार्थक’ होते. पुनर्प्रयोगांत ३६ टक्केच तसे आले. कारणे अनेक: लहान नमुने, वीस प्रकारे आकडे चाळून एक ‘सार्थक’ निघाला की तोच छापणे, फसलेले प्रयोग दडवणे. खरोखर काहीच नसताना वीस स्वतंत्र चाचण्या केल्या, तर किमान एक सार्थक निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते.

२८/ २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने पी-मूल्याविषयी निवेदन काढले. परिकल्पना खरी असण्याची शक्यता पी-मूल्य सांगत नाही. परिणामाचा आकार वा महत्त्व ते मोजत नाही. निव्वळ एखादी सीमा ओलांडली एवढ्यावरून वैज्ञानिक वा धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत. यात फिशरच्या आणि नेमनच्या लेखनात बीजरूपाने नसलेले फारच थोडे होते. एकमेकांचा चहा टाळणारे ते दोघे निदान एवढ्यावर एकमत झाले असते की चाचणी विचाराला मदत करण्यासाठी आहे, विचाराची सुट्टी मंजूर करण्यासाठी नव्हे.

२९/ ब्रिस्टल बाईंनी आठही कप ओळखले, अशी ऐकीव माहिती पुढे नोंदली गेली. ती खरी असो वा नसो, त्या टेबलावर चुकल्याने कोणाचेही नुकसान होणार नव्हते. फार तर एक कप चहा वाया. हीच रेषा जेव्हा पिकाच्या अंदाजावर, औषधाच्या मान्यतेवर किंवा मजुराच्या ताटावर आखली जाते, तेव्हा चुकीची किंमत कोणीतरी तिसराच मोजतो. म्हणून ‘निष्कर्ष सार्थक आहे’ असे वाचल्यावर इतिहासाच्या अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत: रेषा कोणी आखली? आणि ती चुकली, तर भुर्दंड कोणाला?